मंडईत पोरांचे जुने खेळ ठेवायचे आहेत : नियमावली छापावी की नाही?

बांधीवरून

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, आहे. दिवसा दंडार (लोकनाट्य), रात्री नाटक, ते सगळं ठरलेलं. यंदा सकाळचे तीन तास पोरासोरांच्या खेळांना द्यायचं चाललं आहे : लिंगोरचा (लगोरी), विटीदांडू, चंगाअष्टा (पटावरचा सोंगट्यांचा खेळ), कबड्डी, जमलं तर खो-खो. चार गावांची 8 ते 14 वयाची शे-सव्वाशे मुलंमुली येतील. जागा शाळेचं मैदान.

मंडळात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो नियमावली छापा, पंच नेमा, ढाल ठेवा. दुसरा म्हणतो, पोट्ट्यांच्या खेळाले कायदा कायले पाहिजे? खरी अडचण अशी की लिंगोरच्याचे नियम चारही गावांत वेगळे आहेत. सामान किती लागेल, मैदान कसं करावं आणि या नियमांचं काय करावं, जाणकारांनी सांगावं.

पांदण

नियमावली छापू नका. प्रश्न छापा.

लिंगोरच्यासाठी पाच प्रश्न पुरतात. चेंडू कुठं लागला तर बाद : गुडघ्याखाली, कमरेखाली की मानेखाली? टप्पा पडून आलेला चेंडू लागला तर बाद की नाही? चेंडू हातात घेऊन किती पावलं पळता येईल? फोडणाऱ्याला किती फेकी? आणि एक जण बाद झाला तर तोच बाहेर, की सगळा संघ उतरला? दोन्ही संघांना पाच मिनिटं समोरासमोर बसवा. जे ठरेल ते पाटीवर खडूनं लिहायचं आणि पाटी मैदानाच्या कडेला उभी करायची. वाद झाला की मोठ्या माणसानं तोंड उघडायचं नाही, पाटीकडे बोट करायचं. पाटीवर नसलेला वाद निघाला तर तो डाव रद्द, पुन्हा पहिल्यापासून, आणि पाटीवर सहावी ओळ.

ही ठरवाठरवी खेळाच्या आधीची कटकट आहे असं मोठ्यांना वाटतं. माझ्या मते खेळाचा निम्मा उपयोग तिच्यातच आहे. दहा वर्षांचं पोरगं दुसऱ्या गावच्या पोराशी करार करतं, तो पाळतं आणि मोडणाऱ्याला वठणीवर आणतं, तेही पोलीस पाटील किंवा मास्तर मध्ये न येता. असा सराव गावात दुसरीकडे कुठं मिळतो ते सांगा. शिट्टी घेतलेला पंच उभा केला की हे काम त्याच्याकडे जातं आणि पोरांकडे फक्त पळणं उरतं.

डच इतिहासकार योहान हायझिंगा यानं 1938 मध्ये मांडलं होतं की संस्कृती आधी आणि खेळ मागून असं नाही. न्याय, काव्य, विधी, स्पर्धा हे सगळं खेळाच्या अंगानंच वाढलं. त्याचं एक निरीक्षण आपल्या मैदानावर तंतोतंत लागू पडतं. चोरून खेळणाऱ्यापेक्षा खेळ मोडून जाणाऱ्यावर मुलं जास्त चिडतात. चोरणारा निदान नियम मानल्याचं सोंग तरी करतो. रडी खाणारा मात्र खेळच खोटा ठरवतो. म्हणून रड्याला शिक्षा एकच, पुढच्या डावात घ्यायचं नाही. पोरांची सगळी दंडसंहिता एवढ्यात आली.

अंबाडी

पांदणदादा, कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात पाच मिनिटांच्या बैठकीत तेरा-चौदा वर्षांची दोन दांडगी पोरं बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. मुलींना तर विचारतच नाही कोणी. मग पाटीवर जे उतरतं तो करार नसतो, दादागिरी असते.

उपाय आहे, पण तो आधी सांगून ठेवावा लागतो. ज्या संघानं नियम सुचवला त्या संघानं पहिला डाव द्यायचा. म्हणजे "मानेखाली लागलं तरी बाद" असं ज्यांनी मागितलं, ते आधी लिंगोर लावणार आणि चेंडू तेच खाणार. मागण्या आपोआप कमरेखाली येतात. दुसरं, बोलायला संघातलं सर्वांत लहान मूल बसवा. मोठ्यांनी मागून कानात सांगितलं तरी चालेल, पण तोंड लहानाचं.

पांदण

पहिला उपाय लाख मोलाचा. दुसऱ्याबद्दल शंका आहे, लहान मूल घाबरून गप्प बसलं तर? पण करून पाहायला हरकत नाही.

संघ पाडण्याचंही सांगतो, कारण खरा अपमान तिथं होतो. दोन म्होरके उभे करून "मी याला घेतो, तू त्याला घे" केलं की शेवटी उरलेलं पोरगं सगळ्या गावासमोर पडतं. जुनी रीत याहून हुशार होती. मुलांनी आपापल्या जोडीचा गडी शोधायचा, साधारण तेवढ्याच ताकदीचा. जोडीनं लांब जाऊन गुपचूप दोन नावं घ्यायची, एक आंबा, एक जांभूळ. परत येऊन म्होरक्याला विचारायचं, "आंबा घेतो का जांभूळ?" म्होरक्याला माणूस दिसत नाही, फक्त नाव ऐकू येतं. संघ समसमान होतात आणि शेवटी कोणी उरत नाही. एक गडी जास्त झाला तर तो कच्चा लिंबू : दोन्हीकडून खेळेल, बाद होणार नाही.

चार गावं एकत्र असताना गावागावाचे संघ मात्र करू नका. एका जोडीत एकाच गावचे दोघं, म्हणजे प्रत्येक गाव दोन्ही संघांत आपोआप वाटलं जातं. गाव विरुद्ध गाव केलं की कडेला उभे असलेले बाप खेळायला लागतात.

झाडीतला

नियमांचं तुम्ही पाहा जी, मी सामानाचं सांगतो.

लिंगोरचा चार ठिकाणी लावा. प्रत्येक ठिकाणी सात ठिकऱ्या, म्हणजे 28, आणि वरकड दहा. कवेलूचे (कौलाचे) तुकडे घेऊ नका. कवेलू बाकदार, तिसऱ्या ठिकरीलाच घसरते, आणि फुटली की धार येते. फरशीचे उरलेले तुकडे घ्या, पाऊण इंच जाडीचे. खालची पाच इंच, वरची दोन इंच, मधल्या उतरत्या. कडा दगडावर घासून बोथट करा. खालची जमीन सपाट हवी, नाहीतर सातवी बसत नाही आणि पोरं जमिनीला शिव्या देतात.

चेंडू आठ. जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून लिंबाएवढा गोळा करा, त्यावर सायकलच्या ट्यूबचे अर्ध्या इंचाचे वेढे आडवे-उभे चढवा. अडीच इंचांवर थांबा. रबर जास्त झालं तर चेंडू उसळतो आणि पाठीवर वळ उठतो. चिंध्या सैल राहिल्या तर ठिकऱ्यांना लागूनही लिंगोर फुटत नाही. कातड्याचा किंवा टणक चेंडू मैदानात येऊच देऊ नका. फेकायची रेघ मोठ्यांना 15 फूट, लहानांना 8. दोन लिंगोरांमध्ये 60 फूट तरी सोडा, नाहीतर एकीकडचा चेंडू दुसरीकडच्या पोराला बाद करतो आणि भांडण सुटता सुटत नाही.

आणि मैदान शाळेचंच ठेवा. कापलेली धानाची बांधी रिकामी दिसते म्हणून कोणीतरी ती सुचवेलच. धानाचे बुडखे अनवाणी पायात खिळ्यासारखे जातात.

विटीदांडूला बाभळीची सरळ फांदी. दांडू दीड फूट, मूठ बसेल एवढा जाड. विटी पाच इंच, दोन्ही टोकं निमुळती, मधला भाग अंगठ्याएवढा जाड राहू द्या. टोक फार बारीक केलं तर पहिल्याच फटक्यात मोडतं, आखूड केलं तर विटी उडतच नाही. लाकूड सावलीत वाळवा. उन्हात घाईनं वाळवलं की चीर पडते आणि नेमकी खेळताना उकलते. गल, म्हणजे विटी ठेवायचा खड्डा, वीतभर लांब, चार बोटं रुंद, तीन बोटं खोल. माती भुसभुशीत असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून धुम्मस करा, नाहीतर दहा डावांत गलेचं डबकं होतं.

तिफन

विटीदांडू शे-सव्वाशे पोरांत? डोळे जातील भाऊ.

झाडीतला

जागा नीट आखली तर नाही जात. मैदानाचा एक कोपरा, पाठ भिंतीकडे. समोर 100 फूट मोकळे, दोरी बांधलेली. झेलणारे 25 फुटांच्या आत नकोत. बघणारे सगळे टोलवणाऱ्याच्या मागे, आणि मागे म्हणजे दहा पावलं, कारण दांडू हातातून सुटतो तो मागेच जातो. घामेजल्या हातानं सुटतो, म्हणून मुठीला सुतळी गुंडाळा. एका वेळी एकच डाव. आठ-दहा वर्षांच्यांना विटी टोलवू देऊ नका, त्यांना नुसती गलेवरून कोलू द्या. या चार गोष्टींवर पोरांशी चर्चा नाही. पांदण मास्तरांची पाटी बाकी सगळ्याला चालेल, याला नाही.

पांदण

मान्य. जीव आणि डोळा यांवर करार होत नसतो.

विटीदांडूतली मागणी मात्र काढून टाकू नका. खेळणारा विटी किती दांडू लांब गेली याचा अंदाज बोलतो, समजा 40. समोरच्यांना पटलं तर 40 गुण दिले, मोजणी नाही. नाही पटलं तर मोजायचं. 40 भरले नाहीत तर तो बाद, भरले तर गुण त्याचे आणि वर समोरच्यांचा हट्ट फुकट. म्हणून हावरट 60 मागत नाही आणि शहाणा 35 मागून मोकळा होतो. पंच नाही, फीत नाही, तरी खोटं बोलणं महाग पडतं. मोजमापाची फीत आणून ठेवली की ही सगळी गंमत मरते.

कबड्डीचं. पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटर असतं, लहानांना 11 × 8 पुरे. आज सगळीकडे चालते ती संजीवनी : बाद झालेला बाहेर बसतो, समोरचा गडी बाद झाला की परत येतो. गामिनीत बाद झालेला सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. तुम्ही अमर ठेवा. संजीवनी आणि गामिनीत सर्वांत आधी बाहेर जातं ते सर्वांत कच्चं पोर, म्हणजे ज्याला खेळायची जास्त गरज आहे तेच सकाळभर काठावर बसतं. स्पर्धेला चुरस हवी म्हणून संजीवनी रुळली, ते बरोबरही आहे. आपल्याला स्पर्धा नको, पोरं मैदानात हवीत.

हेच खेळ मोठ्या मांडवात कसे गेले याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. त्यासाठी मापं, मिनिटं, गुण सगळं एकसारखं करावंच लागलं. छापील नियम वाईट नाहीत. ते परक्या माणसांना एकत्र खेळवतात. पण तुमची चार गावं परकी नाहीत, पाच मिनिटांत जमवून घेऊ शकतात.

जमिनीचं काय करणार? काळी माती असेल तर सुकल्यावर दगड आणि ओली झाली की चिखल. वरचे चार इंच कुदळीनं हलवा, खडे वेचा, वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळा, आदल्या संध्याकाळी हलकं पाणी. मुरूम टाकू नका, गुडघे सोलतात. रेघा कळीच्या चुन्यानं मारू नका. पडलेल्या पोराच्या डोळ्यात गेला तर जाळतो. राख किंवा खडूची पूड चालते.

तिफन

हे सगळं ठीक. पण लोकं येतात पटाले. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, ठेवला तर मंडई भरते, नाहीतर सकाळी कुत्रंही फिरकत नाही. आमच्या वऱ्हाडात तळेगाव दशासरचा पट पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांतून माणूस येतो. तुमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर नाटकाचं गणितच पटावर उभं आहे : दिवसा पट, पटाले आलेला पाहुणा मुक्कामी, मुक्कामी म्हणून रात्रीचं नाटक.

झाडीतला

गणित खरं आहे. नाटक रात्रभर चालतं ते काही उगाच नाही, अंधारात पाहुणा जाणार कुठं? वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात त्याही पट आणि मंडया पाहूनच तारखा लावतात. एका खेळाच्या कडेला दुसरा खेळ उभा राहतो, त्याच्या कडेला सोयरिकी जुळतात, भांडी आणि बांगड्या विकल्या जातात. मंडई म्हणजे हेच.

पण पट असा वेळेवर सुचला म्हणून लावता येत नाही, तिफनभाऊ. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बंद केला. राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी आली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. म्हणजे आता जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी, आणि तुतारी (बैलाला टोचायची काठी), चाबूक, शेपटी पिरगाळणं सगळं बंद. पोरांच्या खेळाला जोडून घाईनं उरकायचं काम नाही. दाणीच्या, म्हणजे बैल धावतात त्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना मजबूत कठडे लागतात, आणि शेवटी बैल थांबायला मोकळी जागा. उधळलेली जोडी कठड्यापाशी थांबत नाही, ती जिथं गर्दी कमी दिसते तिकडे घुसते, आणि तिथं नेमकी लहान पोरं असतात.

तिफन

बरं बाप्पा, पट सोडला. लाकडी बैल तरी ठेवा. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पण नंदी घरोघरी पडलेलेच असतात.

अंबाडी

लाकडी बैलांची शर्यत पाच-सहा वर्षांच्या लहानग्यांना उत्तम. दोरी नंदीच्या गळ्यात बांधू नका, खालच्या पाटाला पुढून बांधा. गळ्यात बांधली की ओढ वरून बसते आणि खड्डा आला की नंदी तोंडावर पडतो. आसाला थोडं तेल, चाक किंचित सैल. अंतर 30 फूट, बस.

पण सजावटीचं बक्षीस नको, ही कळकळीची विनंती. तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं मानतात. त्याची खरी खुबी ही की ज्याच्या घरी बैल नाही त्याच्याही पोराला पोळा मिळाला. मोठ्या पोळ्यात तोरणाखाली जागा कोणाला, मानाचा बैल कोणाचा, यात गावाची सगळी उतरंड दिसते. भूमिहीनाचं पोरगं तिथं नुसतं बघे. लाकडाचा बैल मात्र कोणीही ओढावा, दारोदार जावं, बोजारा, म्हणजे घरोघर मिळणारा खाऊ-पैसा, घ्यावा. आता सजावटीची बक्षिसं आली आणि माणसाएवढे सागवानी नंदी टेम्पोत बसून येतात. मागं बाप ढकलतो, पोरगं फोटोपुरतं. पुन्हा ज्याच्या घरी पैसा त्याचाच पोळा. म्हणून बक्षीस ठेवायचंच तर बोजाऱ्यासारखं ठेवा, खेळलेल्या प्रत्येकाला सारखं. पेन आणि मूठभर फुटाणे पुष्कळ झाले.

भुलाबाईतही हेच आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून पाहतात, गोड की तिखट विचारतात, आणि हरलो म्हटल्याशिवाय झाकण उघडत नाही. इथं महागड्या पेढ्याला किंमत नाही, पेढा कोणीही ओळखतं. भिजवलेल्या हरभऱ्यात गूळ घालून वर राजगिरा पसरला तर सगळी गल्ली हरते. आठवडाभर चर्चा त्या घराची, मग ते घर कुडाचं का असेना. मंडईच्या वेळी भुलाबाई संपलेली असते, पण खाऊ ओळखण्याचा खेळ कधीही लावता येतो. सहा डबे, सहा घरं, झाकण फडक्यानं बांधलेलं.

बांधीवरून

मोठी मदत झाली. ढाल रद्द करायला मंडळ तयार होईल असं दिसतं, पंचांवर मात्र अजून घोळ चालू आहे. अंबाडीताई, चंगाअष्टा सावलीत लावायचा आहे. सामान सांगता का? फासा आणावा की चिंचोके?

अंबाडी

चिंचोके. व्हरांड्यात 12 पट आखा, प्रत्येकी चार जण, म्हणजे 48 मुलं एका वेळी बसतात. उन्हातून खेळून आलेली पोरं इथं थंड होतात, म्हणून पाण्याची टाकी इथंच ठेवा.

पट 5 × 5 चा, घर तीन इंचांचं. चारही बाजूंच्या मधल्या घरांत फुली आणि एक फुली मध्यात. प्रत्येकाच्या चार सोंगट्या : बांगडीचे तुकडे नको, हात कापतात. खडे, तुरीचे दाणे, पऱ्हाटीच्या काडीचे तुकडे, कपाशीची सरकी, जे सापडेल ते. बाहेरच्या रांगेत 16 घरं, आतल्या रांगेत 8, मग मध्य. बाहेर उजवीकडून, आत गेल्यावर उलट. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही.

चिंचोके रात्रभर भिजवून उभे फोडा, पांढरी बाजू दगडावर घासून सपाट करा. चार टाकायचे. जितके पांढरे वर तितकी घरं. चारही पांढरे म्हणजे चंगा, 4. चारही काळे म्हणजे अष्टा, 8. दोन्हीवर पुन्हा दान. चिंचोका सरळ असेल तर चंगा आणि अष्टा प्रत्येकी 16 दानांत एकदा यावा, आणि सर्वांत जास्त दोन पडावेत, 16 मध्ये 6 वेळा. फार फुगीर चिंचोका एकाच अंगावर पडतो. म्हणून प्रत्येक चिंचोका 20 वेळा टाकून पाहा, 14 पेक्षा जास्त वेळा एकच बाजू आली तर फेकून द्या. 48 लागतील, 80 फोडायला घ्या.

चिंचोके मुठीत खुळखुळवून वरून सोडायचे, निदान वीतभर. काही पोरं जमिनीलगत हळूच ठेवतात आणि हवं ते दान पाडतात. याचा प्रश्न पाटीवर आधीच लिहून ठेवा. आणि पंच नेमायचाच असला तर त्याला इथं बसवा. पटाभोवती वाकून बघणाऱ्या मोठ्यांना "हे चाल, ते चाल" सांगण्यापासून अडवायला माणूस लागतो, पोरांना नाही लागत.

तिफन

चिंचोके पाठवतो दोन पायल्या. आमच्या अंगणातल्या चिंचेचे पडले आहेत, नाहीतरी चुलीतच जातात. कुठं पोचवायचे ते सांगा.